गंध, शेजार आणि कायदा : अमेरिकेतील गांजा-व्यवसायांविरुद्धच्या वासाच्या तक्रारींचा इतिहास

सारांश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांनी १९९६ नंतर प्रथम औषधी उपयोगासाठी आणि पुढे प्रौढांच्या सर्वसाधारण उपयोगासाठी गांजाच्या उत्पादनास व विक्रीस परवानगी दिली. त्यामुळे जो वास पूर्वी पोलिसांच्या दृष्टीने गुन्ह्याचा पुरावा होता, तोच वास शेजाऱ्यांच्या तक्रारीचा आणि स्थानिक प्रशासनाच्या कामकाजाचा विषय बनला. प्रस्तुत लेखात डेन्व्हर, प्यूब्लो आणि कार्पिंटेरिया या तीन ठिकाणच्या घडामोडींच्या आधारे या तक्रारी कशा हाताळल्या गेल्या, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. या तक्रारींच्या मुळाशी वास येतो की नाही हा प्रश्न नसून कोणाच्या नाकाची साक्ष ग्राह्य धरावयाची हा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : उपद्रव, गंधमापन, भूवापर, गांजा-व्यवसाय, स्थानिक प्रशासन, शेजारधर्म.

१. प्रस्तावना

मानवी ज्ञानेंद्रियांपैकी घ्राणेंद्रियाला इतिहासलेखनात दीर्घकाळ गौण स्थान मिळाले. डोळ्यांना दिसणारे अवशेष आणि कानांनी ऐकलेल्या साक्षी यांवर इतिहास उभा राहिला. वास मात्र वाऱ्याबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. तो दप्तरात ठेवता येत नाही. तरीही नगरांच्या इतिहासाकडे पाहिले असता कत्तलखाने, चामड्याची कमावणी, साबणाचे व सरसाचे कारखाने, गटारे आणि गुरांचे गोठे यांच्या वासावरून झालेल्या तंट्यांची नोंद सर्वत्र आढळते. नगराची रचना, आरोग्यखात्यांची स्थापना आणि भूवापराचे नियम यांच्या मागे या तंट्यांचा मोठा वाटा आहे.

या परंपरेतील अगदी अलीकडचे प्रकरण म्हणजे अमेरिकेतील परवानाधारक गांजा-व्यवसायांविरुद्धच्या तक्रारी होत. या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की, येथे एखादा जुना उद्योग हळूहळू नकोसा झाला नाही, तर एक निषिद्ध पीक अल्पावधीत कायदेशीर व्यवसाय बनले. परवाने, कर, विक्रीची दुकाने यांची तरतूद कायदे करणाऱ्यांनी केली. वासाचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी मागाहून झाला. तो का मागाहून झाला आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

२. पूर्वपीठिका : वासाविषयीचा उपद्रव-कायदा

अमेरिकेतील न्यायालये आजही ज्या तत्त्वांच्या आधारे वासाच्या तक्रारींचा निवाडा करतात, त्यांचे मूळ इंग्लंडच्या रूढ कायद्यात आहे. १६१० साली निर्णीत झालेल्या विल्यम ऑल्ड्रेडच्या खटल्यात शेजाऱ्याने घरालगत बांधलेल्या डुकरांच्या खुराड्याविरुद्ध तक्रार होती. डुकरे पाळणे माणसाच्या निर्वाहासाठी आवश्यक आहे आणि कोणी आपले नाक इतके नाजूक ठेवू नये की त्याला डुकरांचा वास सोसू नये, असा बचाव त्या वेळी मांडण्यात आला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. राहत्या घराला शुद्ध हवा मिळणे हा वहिवाटीचा आवश्यक भाग मानण्यात आला. सुंदर देखावा गमावल्याबद्दल दाद मागता येत नाही, परंतु हवा बिघडविल्याबद्दल मागता येते, हा भेद या निर्णयाने रूढ केला. ‘नाजूक नाका’चा तो बचाव न्यायालयाने फेटाळला असला, तरी तो पुढील चार शतके वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला.

औद्योगिक क्रांतीनंतर या तत्त्वाला मुरड पडली. सेंट हेलेन्स येथील तांबे वितळविणाऱ्या कारखान्याच्या १८६५ सालच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने मालमत्तेची प्रत्यक्ष हानी आणि व्यक्तीला होणारा त्रास यांत फरक केला. झाडे करपली तर नुकसान उघड आहे. परंतु वास, धूर किंवा आवाज यांचा त्रास हा त्या परिसराचे स्वरूप पाहून ठरवावा, असे मत मांडण्यात आले. १८७९ सालच्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या खटल्यात हेच तत्त्व अधिक स्पष्ट झाले. लंडनच्या उच्चभ्रू बेलग्रेव्ह चौकात जो उपद्रव ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असे नाही, असा दृष्टान्त न्यायाधीशांनी दिला. बर्मंडसी ही चामडे कमावणाऱ्यांची आणि कामगारांची वस्ती होती. जेथे आधीच वास आहे तेथील रहिवाशांनी आणखी वास सोसावा, असा या दृष्टान्ताचा व्यावहारिक अर्थ होतो. गांजा-व्यवसायांच्या संदर्भात हा मुद्दा पुढे निर्णायक ठरला.

अमेरिकेत या परंपरेला आणखी दोन वळणे मिळाली. १९२६ सालच्या युक्लिड गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भूवापराच्या क्षेत्रविभागणीला मान्यता दिली. त्यामुळे उपद्रव झाल्यानंतर दाद मागण्याऐवजी उपद्रवी उद्योगांना आधीच वेगळ्या क्षेत्रात ठेवण्याची पद्धत रुजली. दुसरे वळण शेतीसंबंधी होते. ॲरिझोनातील फिनिक्स शहराजवळ गुरे पुष्ट करण्याच्या मोठ्या गोठ्याशेजारी निवृत्त लोकांसाठी सन सिटी ही वसाहत वाढत गेली. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गोठा हलविण्याचा आदेश दिला. पण वसाहत उभारणाऱ्या कंपनीनेच गोठ्याच्या मालकाला भरपाई द्यावी, असेही ठरविले. वासाजवळ जाणून-बुजून राहावयास आलेल्याने वासाविरुद्ध तक्रार करावी काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्यानंतर बहुतेक राज्यांनी शेतीला उपद्रवाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या १९८१ सालच्या कायद्याने, आरंभी उपद्रव नसलेल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ चालू असलेल्या व्यापारी शेतीला असे संरक्षण दिले.

३. पुराव्यापासून उपद्रवापर्यंत

१९७० च्या संघीय अमली पदार्थ नियंत्रण कायद्याने गांजाचा समावेश सर्वांत कडक निर्बंधांच्या पहिल्या अनुसूचीत केला. त्या काळात गांजाच्या वासाचे कायद्यातील स्थान निश्चित होते. मोटारीतून वा घरातून तो वास आला की पोलिसांना झडतीसाठी सबळ कारण मिळे. लपून लागवड करणारे लोक वास बाहेर जाऊ नये म्हणून धडपडत, कारण वास म्हणजे अटक. वास कोंडण्याचे तंत्र, विशेषतः कोळशाच्या गाळण्या, गुप्त लागवडीतच मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी गांजाला आणि २००० साली कोलोरॅडोच्या मतदारांनी त्याच स्वरूपाच्या घटनादुरुस्तीला कौल दिला. २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांच्या सर्वसाधारण उपयोगालाही मान्यता दिली. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून किरकोळ विक्री सुरू झाली. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०१६ मध्ये तोच मार्ग स्वीकारला आणि जानेवारी २०१८ पासून तेथे परवानाधारक व्यापार सुरू झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये अल्प प्रमाणात गांजा बाळगणे २००८ साली फौजदारी गुन्ह्यातून वगळण्यात आल्यानंतर, केवळ जळालेल्या गांजाच्या वासावरून मोटारीतील व्यक्तीला खाली उतरविता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. वासाचे पुरावामूल्य ओसरू लागल्याची ही खूण होती.

पुरावामूल्य ओसरले, तरी वास ओसरला नाही. उलट तो वाढला. चोरून लावलेल्या चार-दोन झाडांच्या जागी हजारो झाडांची गोदामे आणि हरितगृहे उभी राहिली. ज्याला वास आला त्याने पूर्वी पोलिसांना बोलावले असते. आता त्याने कोणाकडे जावे, याचे उत्तर तयार नव्हते. पोलिसांच्या दृष्टीने गुन्हा नव्हता, आरोग्यखात्याच्या दृष्टीने सिद्ध झालेला रोग नव्हता आणि परवाना देणाऱ्या खात्याच्या दृष्टीने नियमभंग नव्हता.

४. वासाचे रसायन आणि तक्रारीचे स्वरूप

गांजाच्या फुलोऱ्यातून मिर्सीन, लिमोनीन, पायनीन, कॅरिओफिलीन इत्यादी टर्पीन वर्गातील द्रव्ये हवेत मिसळतात. लिंबाची साल, पाईनचे लाकूड किंवा मिरी यांतही ही द्रव्ये असतात. त्यामुळे वासाचा उग्रपणा केवळ त्यांच्यामुळे येत नसावा, असा संशय होता. २०२१ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या उग्रपणाचे मूळ गंधकयुक्त द्रव्यांच्या एका गटात असल्याचे दाखविले. ती अत्यल्प प्रमाणात असूनही नाकाला जाणवतात आणि रासायनिक दृष्ट्या स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यातील द्रव्यांशी त्यांचे साम्य आहे. फुलोऱ्याच्या अखेरीस त्यांचे प्रमाण वाढते आणि कापणीनंतर माल मुरविण्याच्या काळात ते कमाल पातळीला पोहोचते.

या माहितीचे दोन परिणाम आहेत. एक, वास वर्षभर सारखा नसतो. तो पिकाच्या अवस्थेनुसार, दिवसाच्या वेळेनुसार आणि वाऱ्यानुसार बदलतो. तक्रारदाराने दूरध्वनी केल्यानंतर अधिकारी तासाभराने आला, तर त्याला काहीच वास न येणे शक्य असते. दुसरा, वासाची सवय होते. जो दिवसभर त्यात काम करतो त्याला तो जाणवेनासा होतो. म्हणून मालक ‘वास नाही’ असे म्हणतो तेव्हा तो खोटेच बोलत असतो असे नाही, आणि शेजारी ‘वास असह्य आहे’ असे म्हणतो तेव्हा तो अतिशयोक्तीच करतो असेही नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, या म्हणीचा प्रत्यय या तंट्यांत पदोपदी येतो.

५. डेन्व्हर : नाक, यंत्र आणि आराखडा

डेन्व्हर शहराने गांजाच्या लागवडीला मुख्यतः औद्योगिक क्षेत्रातील गोदामांत वाव दिला. क्षेत्रविभागणीच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत होता. परंतु शहराच्या उत्तरेकडील या गोदामांना लागूनच ग्लोबव्हिल आणि एलिरिया-स्वान्सी या जुन्या कामगार वस्त्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे धातू वितळविण्याचे कारखाने आणि गुरांचे बाजार आले. त्यांच्यात काम करण्यासाठी पूर्व युरोपातून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. पुढे या वस्त्या प्रामुख्याने लॅटिनो समाजाच्या झाल्या. १९६० च्या दशकात त्यांच्या मधून आंतरराज्य महामार्ग गेला. वासाशी या वस्त्यांचा संबंध शतकभराचा आहे. बर्मंडसीचा दृष्टान्त येथे जणू नव्याने लागू झाला : ज्या जागी उद्योग होते तेथेच नवा उद्योग आला आणि ज्यांनी आजवर सोसले त्यांच्याच वाट्याला आणखी सोसणे आले.

तक्रारी आल्यावर शहराकडे एक जुने साधन होते. हवेचा वास मोजण्यासाठी अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून क्षेत्रीय गंधमापक वापरात होते. २००२ साली ‘नेझल रेंजर’ या नावाचे सुधारित उपकरण बाजारात आले. कर्ण्यासारखे दिसणारे हे उपकरण नाकाला लावून अधिकारी हवा हुंगतो. कोळशातून गाळलेली स्वच्छ हवा आणि बाहेरची हवा ठरावीक प्रमाणात मिसळली जाते. सात भाग स्वच्छ हवेत एक भाग बाहेरची हवा मिसळूनही वास जाणवला, तर डेन्व्हरच्या नियमाचा भंग झाला असे मानले जाई. कोलोरॅडो राज्याच्या नियमात निवासी व व्यापारी भागांसाठी सात आणि अन्य भागांसाठी पंधरा हे प्रमाण आहे. परिसर पाहून त्रास ठरवावा, या १८६५ च्या तत्त्वाला येथे आकड्याचे रूप मिळालेले दिसते.

या उपकरणाने मोजमापाला शिस्त आणली, हे निर्विवाद. परंतु त्याच्या टोकाला शेवटी माणसाचे नाकच असते. म्हणून ते वापरणाऱ्याच्या घ्राणशक्तीची ठरावीक द्रव्याच्या साहाय्याने चाचणी घ्यावी लागते. शिवाय सातपट मिश्रणातही टिकणारा वास हा अत्यंत तीव्र असतो. त्याहून सौम्य, परंतु दररोज संध्याकाळी घरात शिरणारा वास या कसोटीत बसत नाही. त्रासाची तीव्रता यंत्र मोजते. त्याचे सातत्य मोजत नाही. परिणामी तक्रारी येत राहिल्या आणि नियमभंग सिद्ध होणे मात्र दुर्मिळ राहिले.

२०१६ साली डेन्व्हरने या विषयीच्या उपविधीत सुधारणा केली. तिच्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तीस दिवसांच्या आत पाच वेगवेगळ्या घरांतून वा आस्थापनांतून एकाच प्रकारच्या वासाची तक्रार आल्यास तीही कारवाईस पुरेशी ठरू लागली. यापूर्वी अशा तक्रारी बारा तासांच्या आत याव्या लागत. दुसरी, गांजाची लागवड व त्यावरील प्रक्रिया करणाऱ्यांना, तसेच पाळीव प्राण्यांचे खाद्य, जनावरांच्या अवशेषांवरील प्रक्रिया, डांबरी छपरांचे साहित्य इत्यादींच्या उद्योगांना वास-नियंत्रणाचा लेखी आराखडा सादर करणे बंधनकारक झाले. कोणत्या कामातून कोणत्या वेळी वास निघतो, तो रोखण्यासाठी कोणती यंत्रणा आहे, गाळण्या केव्हा बदलणार, कामगारांना कोणते प्रशिक्षण देणार आणि आलेल्या तक्रारींची नोंद कशी ठेवणार, हे सर्व त्यात लिहावे लागे.

या सुधारणेचे महत्त्व असे की, सिद्धतेचा भार काही अंशी शेजाऱ्याकडून व्यावसायिकाकडे सरकला. वास आल्यावर तो सिद्ध करण्याऐवजी तो येऊ नये म्हणून काय केले, हे दाखविणे आवश्यक झाले. शिवाय गांजाला इतर वासकारी उद्योगांच्या पंक्तीत बसविल्यामुळे प्रश्न नैतिकतेचा न राहता हवेचा झाला. गांजाविषयी ज्यांचे मत काहीही असो, त्यांना एकाच नियमाखाली दाद मागता येऊ लागली.

मात्र पाच घरांच्या अटीलाही दोन बाजू आहेत. संघटित आणि प्रशासनाशी बोलण्याची सवय असलेल्या वस्तीत पाच तक्रारी सहज जमतात. जेथे भाडेकरू अधिक आहेत, भाषेची अडचण आहे, दोन-दोन पाळ्यांत काम करणारी माणसे आहेत किंवा सरकारी कचेरीपासून चार हात दूर राहणेच ज्यांना सुरक्षित वाटते, तेथे पाच तक्रारी जमत नाहीत. तक्रार नाही याचा अर्थ वास नाही असा घेतला गेला, तर मोजमाप पुन्हा वस्तीच्या सामाजिक स्थानावर अवलंबून राहते.

६. प्यूब्लो : न्यायालयाच्या दारी

प्रशासनाकडून समाधान न झालेल्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. कोलोरॅडोच्या दक्षिणेकडील प्यूब्लो काउंटीत ग्रामीण जमिनीच्या मालकांनी लगतच्या गांजा-लागवडीविरुद्ध संघीय न्यायालयात दावा केला. नेहमीच्या उपद्रवाच्या कायद्याऐवजी त्यांनी संघटित गुन्हेगारीविरोधी १९७० च्या संघीय कायद्याचा आधार घेतला. राज्याने परवाना दिला असला तरी संघीय कायद्यानुसार ही लागवड गुन्हाच आहे आणि तिच्या वासामुळे मालमत्तेचे मूल्य घटते, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून २०१७ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने हा दावा सकृद्दर्शनी टिकणारा असल्याचा निर्णय दिला. जुना ‘पुरावा’ आणि नवा ‘उपद्रव’ ही वासाची दोन्ही रूपे येथे एकाच दाव्यात एकत्र आली.

या निर्णयाने व्यावसायिकांत मोठी चिंता निर्माण झाली, कारण या कायद्याखाली तिप्पट भरपाई मिळू शकते. प्रत्यक्ष सुनावणीअंती मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्यूरीने व्यावसायिकांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी ऑरेगॉनमधील संघीय न्यायालयाने अशाच एका दाव्यात, घराचा उपभोग घेण्यात येणारा व्यत्यय म्हणजे त्या कायद्याला अपेक्षित असलेली मालमत्तेची हानी नव्हे, असे ठरविले. ऑरेगॉनच्या विधिमंडळाने तर २०१५ सालीच शेतीसंरक्षक कायद्याच्या दृष्टीने गांजा हे पीक मानले होते. हीच वनस्पती एका राज्यात पीक, दुसऱ्या राज्यात उद्योग आणि संघीय न्यायालयात गुन्हा ठरत होती. शेजाऱ्याचे अधिकार हे वासाच्या तीव्रतेवर नव्हे, तर त्या वासाच्या उगमाला कायदा कोणते नाव देतो यावर अवलंबून होते.

७. कार्पिंटेरिया : फुलांच्या हरितगृहांत

कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा काउंटीतील कार्पिंटेरिया हे सुमारे तेरा हजार वस्तीचे समुद्रकाठचे गाव. येथील हरितगृहांत अनेक दशके फुलांची शेती होत असे. १९९१ साली अमेरिकेने अँडीज पर्वतप्रदेशातील देशांना जकातीत सवलत दिल्यावर कोलंबिया व इक्वेडोर येथून स्वस्त फुले येऊ लागली आणि स्थानिक फुलशेती डबघाईला आली. रिकाम्या होऊ लागलेल्या हरितगृहांना गांजाने नवे जीवन दिले. यांतील काही हरितगृहे घरांना आणि गावच्या माध्यमिक शाळेला अगदी लागून होती.

काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने फेब्रुवारी २०१८ मध्ये उपविधी मंजूर केला. निवासी क्षेत्रात वास जाणवू नये, अशा रीतीने वास-प्रतिबंधाचा आराखडा देणे कार्पिंटेरियाच्या हरितगृहांना बंधनकारक करण्यात आले. परंतु येथे तंत्राची अडचण आली. डेन्व्हरचे गोदाम बंदिस्त असते; त्यातील हवा कोळशातून गाळून सोडता येते. हरितगृहाला छपराची तावदाने उघडून उष्णता व आर्द्रता बाहेर टाकावी लागते, आणि दमट हवेत कोळशाची शोषणशक्तीही घटते. म्हणून हरितगृहांच्या कडेने नळ्या टाकून त्यांतून सुगंधी तेलांचे अतिसूक्ष्म तुषार हवेत सोडण्याची पद्धत रूढ झाली. गांजाचा वास या तुषारांशी मिसळून निष्प्रभ व्हावा, अशी अपेक्षा होती. रहिवाशांचा अनुभव वेगळा होता. काहींना दोन्ही वास येऊ लागले आणि तुषारांच्या वासाचीच स्वतंत्र तक्रार सुरू झाली.

दुसरी अडचण उगमाची होती. हरितगृहे एकमेकांना खेटून असल्याने कोणत्या हरितगृहाचा वास आहे हे ठरविता येईना. प्रत्येक उत्पादक शेजारच्याकडे बोट दाखवू शकत होता. वास सर्वांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी स्थिती निर्माण झाली. काउंटीच्या नागरी ग्रँड ज्यूरीने २०२० सालच्या अहवालात उपविधी ज्या पद्धतीने तयार झाला तिच्यावर कठोर टीका केली. पूर्वीपासून लागवड करीत असल्याचा उत्पादकांचा दावा त्यांच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर मान्य केला गेला होता. कराच्या उत्पन्नाला रहिवाशांच्या हितापेक्षा अधिक वजन दिले गेल्याचे चित्र त्या अहवालातून पुढे आले.

येथील रहिवासी मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी संघटना स्थापन केल्या, परवान्यांविरुद्ध अपिले केली आणि दिवाणी दावेही लावले. २०२१ साली रहिवाशांची एक संघटना आणि उत्पादकांची संघटना यांच्यात समझोता झाला. अपिलांचा आग्रह सोडण्याच्या बदल्यात उत्पादकांनी वास-नियंत्रणाची सुधारित पद्धती स्वीकारावी, असा त्याचा आशय होता. याच सुमारास हरितगृहाच्या आतच फिरती हवा गाळणारी कोळशाची यंत्रे उपलब्ध झाली. ती महाग होती, विजेचा भार वाढविणारी होती आणि २०२१ नंतर गांजाचे घाऊक भाव कोसळल्याने अनेक उत्पादकांना ती परवडणारी नव्हती. अखेर २०२५ साली पर्यवेक्षक मंडळाने अशा गाळण्या अथवा तितकीच परिणामकारक व्यवस्था ठरावीक मुदतीत बसविण्याचे बंधन घातले. पहिल्या उपविधीपासून या निर्णयापर्यंत सात वर्षे गेली.

ग्लोबव्हिल आणि कार्पिंटेरिया यांची तुलना येथे अपरिहार्य ठरते. दोन्ही ठिकाणी वास एकच होता. एका ठिकाणी वस्तीला वासाचा शतकभराचा वारसा होता आणि साधने तुटपुंजी होती. दुसऱ्या ठिकाणी वकील, संघटना, सभांना हजर राहण्याची सवड आणि चढ्या किमतीची घरे होती. असे असूनही दुसऱ्या ठिकाणी सात वर्षे लागली, हे पाहता पहिल्या ठिकाणची स्थिती किती बिकट असेल याची कल्पना येते.

८. भारतीय कायद्याशी असलेला संबंध

भारतात गांजाचे उत्पादन १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने नियंत्रित आहे. त्यामुळे येथे त्याचा वास आजही प्रामुख्याने पोलिसांचाच विषय आहे. परंतु वासाच्या उपद्रवाविषयीचा कायदा त्याच इंग्रजी परंपरेतून भारतातही आला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आणि हवा आरोग्यास अपायकारक करण्याविषयीचे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या तरतुदी आहेत. १९८० सालच्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्यातून वाहत येणारे दुर्गंधीयुक्त सांडपाणी यांविरुद्ध नागरिकांनी दाद मागितली होती. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने अमान्य केली. नागरिकाने तक्रार सिद्ध करीत बसण्यापेक्षा स्थानिक संस्थेने आपले कर्तव्य पार पाडावे, हा त्या निर्णयाचा रोख होता. डेन्व्हरने आराखड्याच्या रूपाने जे साधण्याचा प्रयत्न केला, त्याचे तत्त्व रतलामच्या निर्णयात आधीच आलेले दिसते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गांजाला परवाना देताना तो पीक, उद्योग की अमली पदार्थ याची चर्चा झाली, तो शेजारी म्हणून कसा असेल याची चर्चा झाली नाही. वासाच्या तक्रारी हा या त्रुटीचा परिणाम होय.

२) तक्रारींचा निवाडा करण्याच्या तीन पद्धती इतिहासात दिसतात : न्यायाधीशाने कल्पिलेल्या सर्वसामान्य माणसाचे नाक, अधिकाऱ्याच्या हातातील गंधमापक आणि व्यावसायिकाने आधीच द्यावयाचा आराखडा. यांपैकी तिसरी पद्धत शेजाऱ्यावरील भार सर्वांत कमी करते. मात्र कार्पिंटेरियाच्या अनुभवावरून, तंत्र अपुरे असेल आणि उगम निश्चित होत नसेल तर आराखडा कागदावरच राहतो, हेही दिसून येते.

३) परिसराचे स्वरूप पाहून त्रास ठरविण्याचे तत्त्व वरकरणी तटस्थ वाटते. प्रत्यक्षात ते जुन्या अन्यायाला नव्या अन्यायाचा आधार बनविते. ज्या वस्तीने नाक मुठीत धरून शतक काढले, तिने पुढेही तसेच राहावे असा त्याचा अर्थ होऊ देता कामा नये.

४) तक्रारींची संख्या हे वासाचे विश्वसनीय माप नव्हे. ते बरेचसे तक्रार करण्याच्या सामर्थ्याचे माप असते. म्हणून तक्रार येण्याची वाट न पाहता, ज्या वस्त्यांतून तक्रारी येत नाहीत तेथेही नियमित पाहणी करणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते.

१६१० साली डुकरांच्या खुराड्याच्या निमित्ताने उपस्थित झालेला नाजूक नाकाचा प्रश्न चार शतकांनंतरही सुटलेला नाही. फरक इतकाच की, त्या वेळी एका माणसाने दुसऱ्या माणसाविरुद्ध दाद मागितली होती. आता एका बाजूला परवाना व कर घेणारी शासनसंस्थाही उभी आहे. परवाना देणाऱ्यानेच तक्रारही ऐकावयाची असेल, तर ती ऐकण्याची व्यवस्था परवान्याआधी उभी राहिली पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.